छातीच्या फोटोतला ढग

“उठू नकोस येसाजी, फिल्म अजून ओली आहे— घरात क्षयाचं माणूस, म्हणून तुझाही फोटो काढला— अशी खिडकीशी धरली की दिसतं बघ. ह्या तुझ्या बरगड्या, हे काळं ते फुप्फुस— आणि हा... हा पांढरा ढग. उजवीकडे, वर. खोकला येतो तुला? नाही? ताप? तोही नाही— परवा भाताची पोती गाडीत चढवलीस म्हणालास. मग हा ढग कुठला? थांब. अगदी असाच, ह्याच जागी, मी पाहिलाय. तुझ्या बायकोच्या, सोनाबाईच्या फोटोत, शिमग्याच्या सुमाराला. पाठ कर बरं इकडे. सदरा वर घे. हे काय लोंबतंय? अंगाऱ्याची पुरचुंडी? ‘काढायची नाय’— बरं, नको काढूस, पण मघाशी छातीवर होती ना? मी गळ्यातलं काढ म्हणालो म्हणून मागे सारलीस. आणि तिच्याही गळ्यात आहे? अशीच?

अरे देवा. म्हणजे हा ढग ह्या पुरचुंडीचा, आणि तिच्या फोटोतलाही. तिला मी डोरलं काढायला सांगितलं, काढलं तिनं. पाठ बघायला हवी होती— पण बाईमाणसाला पदर बाजूला कर कसं म्हणायचं, इथे नर्स नाही— छे, ही सबब झाली. विलायतेत शिकलो, पण ते तापाच्या रोगांचं. हे फोटोचं यंत्र मुंबईत पंधरा दिवस पाहिलं, तेवढंच. लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेलं, कर्जतला आणा म्हणून मीच अर्जांवर अर्ज केले. खरं सांगू? आमची मंडळी गेल्यावर घरी बोलायला कुणी उरलं नव्हतं. इथे निदान माणसं येतात, श्वास धरा म्हटलं की धरतात.

आठ महिने ती शेतावरच्या खोपटात? एकटी? ताट लांबून सरकवता— आणि पोरगी बांधावरूनच आईला बघते? माझ्या एका शब्दावर. क्षय नाहीच, असं खात्रीनं सांगवत नाही रे मला, पुन्हा फोटो काढायला हवा, थुंकी तपासायला हवी— तिचा खोकला कसा आहे? दिवाळीआधीच... पावसाळ्यातच गेला? अंगानं भरली? मग इतके दिवस मला का नाही— मी विचारलंच नाही. खरं आहे.

शिव्या दे हवं तर. उद्या आण तिला, मी स्वतः— निघालास? बस रे, चहा सांगतो, सदरा तरी नीट कर— येसाजी, तिला म्हणावं, डॉक्टरनं... नको. काही सांगू नकोस. घरी ने तिला. जा. दार ओढून घे.”