साहेबाच्या बुटावरचा गोळा

धाडच्या रस्त्याले इंग्रजाच्या काळचा बंगला आहे ना, त्याचीच गोष्ट सांगतो. सागाच्या चौकटी, अन् त्याच्या मधात माती अन् कुटाराचं, म्हणजे भुश्याचं, भरण. एका भिंतीचं भरण ढासळलं. दुरुस्तीवरचा इंजिनियर साहेब मले, म्हाताऱ्या गवंड्याले, म्हणे, "बाबा, सोमवारपर्यंत मातीनं जमवून दाखवा, नाहीतर सिमेंट भरतो."

मी मातीत कुटार अन् शेण तुडवून भिजत घातलं. दुसऱ्याच दिवशी साहेबानं एक गोळा भिंतीवर मारला. गोळा घसरून खाली पडला.

"पाहा बाबा!"

"साहेब, माती अजून कुजली नाही, कुजल्याबिगर चिकट होत नाही. वास तर सुटू द्या."

सोमवारी असा वास सुटला, का साहेब नाकाले रुमाल लावूनच आला. म्या भिंतीवर गोळा मारला, पण हात पडला म्हातारा. गोळा गेला थेट साहेबाच्या नव्या बुटावर. त्यानं पाय झटकला, दगडावर आपटला, काडीनं खरवडलं.

"अहो बाबा, हे निघत काऊन नाही?"

म्हटलं, "भिंतीवरूनही नाही निघणार, साहेब."

तो बुटाकडं पाहतच राह्यला. मंग फोन काढला अन् म्हणाला, "सिमेंटची गाडी धाडवरूनच परत फिरवा."