बाविसावी चक्कर

मंडळी, ऐका! चूक झाली तर कबूल करावी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा! कबूल करावी — पण कुठं? कुणासमोर? अहो, पुढच्या रांगेतल्यांनी आत्ताच माना खाली घातल्या! थांबा की, गोष्ट अजून सुरू व्हायचीय.

तर दमयंती म्हसकर नावाची एक कथक नर्तकी होती. सातव्या वर्षी पायात घुंगरू बांधले. बारा वर्षं गुरूंची बोलणी खाल्ली, टाचा फोडून घेतल्या, तेव्हा कुठं नाव झालं! नाव झालं म्हणजे पत्रिकेत ठळक छापू लागले. तबल्याला पहिल्या दिवसापासून दस्तगीरमामा. त्यांचंही नाव असायचं हो — चष्मा लावला तर दिसायचं!

एकदा देवळाच्या उत्सवात तिचा नाच ठरला. शेवटी एकवीस चकरा, आणि एकविसावी संपताच समेवर पाऊल. सम म्हणजे तालाचं घर! थाप आणि पाऊल तिथं एकदमच पडायला हवं. विसाव्या चकरेला टाळ्यांचा कडकडाट झाला — आणि बाई चढल्या हरभऱ्याच्या झाडावर! घेतली बाविसावी! मामांची थाप पडली ठरल्या जागी, आणि बाईंचं पाऊल मागाहून — धप्प!

मग तिनं काय केलं? मान वळवली आणि मामांकडे डोळे वटारून बघितलं! बोलली चकार शब्द नाही. पण मंडपातल्या झाडून सगळ्या पंडितांना कळलं — तबलजी चुकला! जन्मात कधी ताल न मोजलेले उत्सवाचे अध्यक्ष म्हणाले, "म्हातारा झालाय. पुढच्या वर्षी दुसरा बघा!" वा रे न्याय!

दमयंतीनं ते ऐकलं. आत जाऊन मामांच्या पाया पडली. "मामा, माझंच चुकलं हो."

मामा तबल्याला गवसणी घालत होते. "मला ठाऊक आहे की, दमू. मला काय सांगतीस? ज्यांना ठाऊक नाही, त्यांना कोण सांगणार?"

घाम फुटला बाईला! बाहेर अध्यक्ष शाल घेऊन उभे. बोलली तर एवढ्या वर्षांचं नाव जाणार, गप्प बसली तर मामांचं काम जाणार. गेली बाहेर, आणि माईक ओढून म्हणाली, "सम मी चुकवली. टाळ्यांच्या हावेनं एक चक्कर जास्त घेतली. मामा बरोबर होते!"

अध्यक्ष गहिवरले. "बघा मंडळी, केवढा हा विनय!"

"विनय कसला डोंबलाचा?" बाई कडाडली. "मोजा!" मामांना बाहेर बोलावलं, सगळ्या मंडपाला मोठ्यानं आकडे म्हणायला लावले, आणि पुन्हा फिरली. एकवीस! थाप आणि पाऊल एकदम! तेव्हा कुठं अध्यक्षांचं तोंड मिटलं.

आता तुमचं सांगा! सुनेनं आमटी खारट केली, हे चार पाहुण्यांत म्हणालात. मीठ दुसऱ्यांदा तुम्हीच टाकलं होतं, हे मात्र तिला मोरीपाशी, हळूच! आरोप चव्हाट्यावर आणि माफी मोरीत? त्या चार पाहुण्यांना पुन्हा जेवायला बोलवा. आणि पहिला घास घेण्याआधी, त्यांच्यासमोर बोला!