मागच्या फाटकाचा गेटपास

आजोबा खानदेशातून इंदूरला आले ते मिलमध्ये लागले, माझे वडील, अण्णा, मिलमध्ये लागले, मीही लागलो, आणि तिघांत मिल बुडवणारा मी एकटा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही लिहीत बसाल आणि मी इकडचं तिकडचं बोलत राहीन. तीस वर्षं तेच केलंय.

तुम्हीही गाडीच बघायला आलात ना. सगळे तेवढ्यासाठीच येतात. मागे तुकोगंजचे एक डॉक्टर आले, फोटो काढले, मला बोलले, अंकल, काय पॅशन आहे तुमचं. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मिल बंद झाली तेव्हा मी सव्वीसचा. बंद मतलब काय, एक दिवस भोंगा वाजला नाही, फाटकावर कागद लागला. पेपरात रोज यायचं, देश खुला झाला, नवीन कंपन्या येणार, आणि कापड बनवणारे आम्ही फाटकाबाहेर सतरंजीवर बसलेलो. अण्णा रिंग खात्यात, जिथे सूत कततात तिथे, जॉबर मतलब मुकादम, पस्तीस वर्षं. ते सगळ्यांना सांगायचे, मशिनी जागच्या जागी आहेत तोवर मिल जिवंत आहे, कोणी ना कोणी चालवेल, पण मोटरी बाहेर गेल्या की समजा भंगार. म्हणून आम्ही पहारा लावला. पुढच्या फाटकावर वीस माणसं, मागच्यावर दोन, मी आणि पुरुषोत्तम भिया, इंदुरात भैयाला भियाच बोलतात.

मागच्या फाटकाशी गॅरेज होतं, त्यात मिलमालक शेठच्या मुलाची गाडी ताडपत्रीखाली पडलेली. दोन सीटांची, उघडी, विलायती, लाल. लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा ती फाटकातून सुटताना बघितलेली. मला गाडीतलं काही येत नव्हतं, मी तेलवाला, स्पिंडलना तेल घालणारा. पण पहाऱ्यावर बसलो की ताडपत्री उचलून बघायचो. हे मॅनेजरने बघितलं. बस, तेवढं त्याला पुरलं. बंगल्यावर बोलावलं, चहा पाजला, आणि बोलला, अनंत चतुर्दशीला दुपारी तुमचे लोक झांकीत असतात, तू मागचं फाटक उघड, दोन ट्रक जातील, मागे ती गाडी, ती तुझी.

आता झांकी मतलब काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. विसर्जनाला प्रत्येक मिलची झांकी निघते, ट्रॉलीवर हलत्या मूर्ती, सगळं शहर बघायला येतं. पगार बंद झाला तरी आम्ही चंदा मागून झांकी काढलीच. त्या साली अण्णांनी कालियामर्दन केलं होतं, नागाचे पाच फणे सायकलच्या चेनवर डोलायचे. दुपारी ट्रॉली पुढच्या फाटकातून ढकलत काढायची होती. पुरुषोत्तम भिया जागचा हलत नव्हता. मीच बोललो, जा भिया, अण्णांना माणसं कमी पडतायत. तो बोलला, तू अकेला संभाल लेगा ना? मी बोललो, हाव, संभाल लूंगा.

ट्रक आले. आणि आता ऐका, काय सांगू तुम्हाला, लाज वाटते. आमच्या मिलचा कायदा, सुईसुद्धा गेटपासशिवाय बाहेर जात नाही. ट्रक फाटकाशी आला आणि मी हात आडवा धरला, पास दाखवा. चोरी माझी, आणि पास मीच मागून राहिलो. मॅनेजर हसला, खिशातून बुक काढून त्याने पास लिहिला, मोटरी, ट्रक दोन, गाडी एक, खाली पहारेकरी म्हणून माझी सही घेतली, आणि गुलाबी कॉपी माझ्या हातात दिली. ती मी फाडली नाही. गेटपास फाडायचा नसतो, आठ वर्षांची सवय. तिथेच गाडीच्या सीटखाली सरकवला आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी खात्यात मोटरींच्या जागी नुसते बोल्ट. मी सगळ्यांबरोबर ओरडलो. भियाने पहारा सोडला म्हणून लोकांनी त्यालाच धरलं, कितने में बिका बे, असं तोंडावर विचारलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं मी सांगेन की भियाला मीच पाठवलं. मी बोललो, मी पाणी प्यायला गेलो होतो. पहारा संपला, मिलही संपली, भिया बायको-पोरं घेऊन सिमरोलला सासऱ्याच्या शेतावर निघून गेला.

दोन महिन्यांनी, भंगारात मिळाली सांगून, मी गाडी शहराबाहेर राऊ गावात आमच्या घरी आणली. अण्णा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि बोलले, पाने आण. दोघेही नवशिके. माझी अक्कल बघा, ब्रेकमध्ये स्पिंडलचं तेल भरलं, घरात डबा होता, पातळ, स्वच्छ तेल. आतले रबर फुगून चारही चाकं जाम. अण्णा बोलले, मूर्खा, एक तेल सगळीकडे चालत नसतं. मग पुन्हा सगळं खोललं. सीट अण्णांनीच उसवल्या, पहिल्याच महिन्यात, घोड्याचे केस भरलेले होते त्यात. काम करता करता ते मधेच थांबून विचारायचे, अजून काही राहिलंय का रे? मी बोलायचो, कार्बोरेटर राहिलाय. ते मान हलवायचे. कधी कोणी पुरुषोत्तमचं नाव काढलं की उठून हात धुवायला जायचे. चार वर्षांनी गाडी चालू झाली. अण्णा तिच्यात एकदाही बसले नाहीत. कंबर दुखते, बोलायचे.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. दिवाळीच्या सफाईला त्यांची पान्यांची पेटी उघडली तर तळाशी, मेणकापडात घडी करून, गुलाबी पास. माझी सही.

म्हणजे पहिल्या महिन्यापासून माहीत होतं त्यांना. मी बोलेन म्हणून वाट बघितली आणि पाने देत राहिले. राग येतो मला. शेठचा येतो, मॅनेजरचा येतो, तो आरामात नातवंडं खेळवत मेला. पण जास्त अण्णांचा येतो. एक थप्पड मारायची होती. फाटकावर उभं करून सगळ्यांसमोर मारायची होती. मुलगा वाचवला त्यांनी, आणि भियाला बुडू दिलं, आणि माझं काय, मी त्यांच्याच पेटीतले पाने वापरत होतो.

गाडीचं विचारू नका आता. डॉक्टर नेतील नाहीतर गंजेल.

पुरुषोत्तम भिया आहे अजून, सिमरोलला, त्या मोठ्या कॉलेजच्या रस्त्यावर चहाची गुमटी आहे त्याची. उद्या जाणार आहे, बसने. शिव्या देईल, हाकलेल, हाकलू दे. पास बरोबर नेतोय. त्याच्या हातात देईन. गेटपास फाटकावरच्या माणसाला दाखवायचा असतो, आणि त्या दिवशी फाटकावर तो असायला पाहिजे होता.