यादीची पहिली ओळ

— दार लोटा ते आधी. असं नाही, वर उचलून लोटावं लागतं, बिजागरी उतरलीय त्याची — राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं. इकडे या. आणि तो कागद छातीशी धरून उभे राहू नका, कुणी हिसकावून घेत नाही इथे. यादी घेऊन आलेला माणूस मला दारातूनच कळतो. रिकाम्या हाताने येतो तो निदान विचारतो तरी. यादीवाला मला शिकवायला येतो. महिनाभर मोबाइलवर कुणाचे तरी व्हिडिओ बघितलेले असतात, त्यातला तो हेडफोन लावलेला शहाणा सांगतो हे घ्या नि ते घ्या — स्वतः आयुष्यात एक स्क्रू पिळलेला नसतो, नुसत्या उंटावरून शेळ्या हाकायच्या — आणि मग हे येतात माझ्या काउंटरवर, म्हणतात, बाई, हेच्या हेच द्या आणि एवढ्यातच बसवा. देते की. माझं काय जातंय?

मुलासाठी ना? मुलाला आत बोलवा, बाहेर कशाला उभं केलंय... नाही? मग भाच्यासाठी? स्वतःसाठी? बरं. नाही हो, हसले नाही, माझा चेहराच तसा आहे. गळ्यातलं ते कार्ड — वाचनालयात का तुम्ही? फोटो जुना दिसतोय, त्यात केस आहेत. आणि या कॉम्प्युटरवर खेळणार काय? बंदुका? नाही. मोटारींच्या शर्यती? मग? ट्रक? म्हणजे ट्रक चालवायचा? माल भरायचा, या गावाहून त्या गावाला न्यायचा, आणि पोचलं की? परत दुसरा माल? अहो, त्याला नोकरी म्हणतात! दिवसभर पुस्तकं या फळीवरून त्या फळीवर न्यायची आणि घरी जाऊन पडद्यावर पोती न्यायची — आणि त्यासाठी वर्षभर पैसे साठवलेत तुम्ही? एवढेच? आणि एवढ्यात सगळं, पडद्यासकट? बायकोला माहीत आहे का? असं गप्प राहिलात म्हणजे नाही माहीत. छान.

परवा असाच एक आला होता. काचेचं कॅबिनेट हवं, आतल्या पंख्यांना सात रंगांचे दिवे हवेत, दिवे गाण्यावर नाचले पाहिजेत. पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक कार्ड असं की उचलायला दुसरा हात लागावा. सगळं घेतलं, आणि म्हटलं, पॉवर सप्लाय कुठला देऊ? तर म्हणे, कॅबिनेटबरोबर फुकट येतो तोच असू द्या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! अहो, तो डबा सगळ्या मशीनला वीज वाटून देतो, बाकीचे सगळे त्याच्या जिवावर जगतात. फुकटातला डबा मरतो ना, तेव्हा एकटा मरत नाही, ग्राफिक कार्डाला बरोबर घेऊन जातो. मग हेच महाशय रडत येतात, तुम्ही सांगितलं नाही म्हणून. सांगितलं होतं! त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. पण दिव्यांपुढे बाईचं ऐकतंय कोण.

द्या तो कागद. चष्मा... हा काय, डोक्यावरच. अक्षर बरं आहे, पुस्तकांच्या पाठीवर आकडे लिहून लिहून झालं असेल. बघू काय अक्कल पाजळलीय. एक — पॉवर सप्लाय.

पॉवर सप्लाय? पहिल्या ओळीत? कागद उलटा नाही ना धरला मी... नाही. एक, पॉवर सप्लाय, चांगल्या कंपनीचा, इथे काटकसर नको. दोन, मदरबोर्ड, रॅमच्या दोन खाचा रिकाम्या राहतील असा. तीन, प्रोसेसर, मधला. चार, कूलर. पाच, रॅमची एकच स्टिक — हां, इथे चुकला! दोन लावायच्या असतात, दोन लावल्या की मशीन जास्त पळतं, पोरासोरांनाही ठाऊक आहे... ‘दुसरी पुढच्या वर्षी.’ हं. पैसे नसतील तर... तसं ठीक आहे म्हणा. आणि सगळ्यात खाली ग्राफिक कार्ड, ‘उरेल त्यात; वापरलेलं चालेल, पण पंखा चालू करून कानाशी धरून आवाज ऐकायचा.’

कुठून आणलंत हे? नाही, विचारतेय सरळ. जगातल्या सगळ्या याद्या ग्राफिक कार्डापासून सुरू होतात आणि पॉवर सप्लायशी येऊन रडतात. खालून बांधत वर जाणारी ही रीत कुठल्या व्हिडिओत नाही, ही या काउंटरवरची रीत आहे. मी तीस वर्षं घसा कोरडा करतेय, आजवर एक गिऱ्हाईक अशी यादी घेऊन आलं नाही. तुम्ही नुसती लिहून घेतलीत? कुणी सांगितली? बरं, नका सांगू. आंधळ्याच्या हातून कधीतरी दगड आंब्याला लागतोच.

मिळेल सगळं. पडदा मात्र लहान घ्यावा लागेल, ट्रकला पुरेल तेवढा. आणि जोडून इथेच देते, घरी नेऊन तुम्ही नुसता पसारा करून ठेवाल. उभे राहा तिथे. हे बघा, हा मदरबोर्ड, हात लावू नका. हा प्रोसेसर. या कोपऱ्यातला त्रिकोण त्या त्रिकोणावर, अलगद ठेवायचा, दाबायचं नाही — दाबतात लोक! दांडगाई करतात आणि मग म्हणतात, माल खराब होता. नाचता येईना, अंगण वाकडं. स्क्रू या वाटीत ठेवायचे. तोंडात नाही. हसू नका, आमचा धाकटा धरायचा ओठांत, चार-चार, आणि तसाच बोलायचा गिऱ्हाइकाशी. धाकटा म्हणजे माझा भाऊ हो. बारा वर्षांनी लहान. आई गेल्यावर माझ्याच मागे-मागे वाढला, या टेबलाखाली बसून अभ्यास केलाय त्याने. रीत म्हणतेय ना मघापासून, ती त्याला पाठ होती. झोपेत विचारा, पहिलं काय? पॉवर सप्लाय, ताई. पण नुसती पाठांतरं काय कामाची? हाताला वळण लागतं.

अहो, एवढे वाकता काय? अंगावर येताय माझ्या. बाकीची गिऱ्हाइकं या वेळेला मोबाइल काढून बसतात, तुम्ही पुढे सरकताय! हा कूलर आहे, यात बघण्यासारखं काही नाही. प्रोसेसर तापतो, त्याच्या डोक्यावर हा बसवायचा, मध्ये पेस्टचा ठिपका, मटाराएवढा. झालं. आणि हे खाली प्लास्टिक आहे ना, पारदर्शक, हे आधी सोलायचं. कूलरच्या बुडाला ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातून लावून देतात. राहिलं तर उष्णता वर जातच नाही, जड काम काढलं की मशीन आपोआप बंद. मग चालू करा, परत बंद. दिसत काही नाही, कारण ते दोघांच्या मध्ये दडपलेलं असतं.

याच्यावरूनच तर झालं सगळं. कशावरून म्हणजे — धाकट्याचं. एक व्हिडिओवाला होता, समारंभांच्या फिल्मा जोडून द्यायचा, त्याचं मशीन दिलं आणि आठव्या दिवशी तो दुकानात उभा, लालबुंद, कुणाच्या तरी लग्नाचं अख्खं काम अर्ध्यात उडालेलं. दुकानात सहा माणसं. मी इथेच, याच जागी, कूलर उघडला, आणि निघालं ना ते प्लास्टिक, पेस्टने बरबटलेलं. म्हटलं, हे ह्याचं काम. सगळ्यांसमोर म्हटलं, लपवायचं कशाला? डोक्यात भुसा भरलाय, म्हटलं, दुकान बुडवायला जन्माला आलायस. आणि तो काय बोलला असेल? काही नाही. माझ्याकडे बघितलं, ओठांतले स्क्रू काढून वाटीत ठेवले, एकेक, आणि गेला. दार वर उचलून नीट लावून गेला. सहा वर्षं झाली. मी का बोलवायचं? मोठी मी आहे. आणि चुकला नसता तर बोलला असता ना माणूस? निरपराध माणूस गप्प बसतो का कधी? तुम्ही वाचणारी माणसं, तुम्हीच सांगा.

काही नाही, त्याच्यावाचून अडलं नाही माझं. अडायचं काय? पूर्वीही एकटीने ओढलंच आहे दुकान. धाकटा दाढ काढायला गेला होता तेव्हा काय केलं मी? दोन दिवस गाल फुगवून घरी पडलेला, इकडे फोन वाजतोय, गिऱ्हाइकं डोक्यावर, आणि तो व्हिडिओवाला म्हणतोय मला आजच पाहिजे — तरी संध्याकाळच्या आत एकटीने त्याचं मशीन उभं केलंच ना मी? याच हातांनी, सगळं, पहिल्या स्क्रूपासून...

काय झालं?

असं काय बघताय? दुसरा व्हिडिओवाला तो. व्हिडिओवाले काय जगात एकच असतात? आणि असला तोच, तरी तुम्हाला काय करायचंय? तुम्ही ट्रक चालवा. तो पेचकस द्या इकडे. चुंबकवाला, पिवळ्या मुठीचा.

कागद कशाला पुढे करताय? वाचला की मी. मागे? मागेही आहे का... ‘कूलर बसवताना समोर उभं राहायचं. बुडाचं प्लास्टिक सोललेलं डोळ्यांनी बघायचं, त्याशिवाय हलायचं नाही. बाई चिडतील, चिडू द्यायचं. वाटेल ते बोलतील, ते मनावर घ्यायचं नाही. खोटा माल देत नाहीत. दुसरीकडे जाऊ नका.’

हं.

तुमच्या वाचनालयात कॉम्प्युटर कोण बघतं? नाही, सहज विचारतेय. उंच आहे का? थोडा वाकून चालणारा? मशीन उघडल्यावर ओठांत... अजून धरतो? गाढव आहे. गिळेल एक दिवस. एवढा मोठा झाला तरी — चाळिशी आली असेल ना आता त्याची? चष्मा लागला? लागणारच, आमच्या घरात सगळ्यांना लागतो. आणि काय सांगितलं त्याने तुम्हाला? माझं नाव घेतलं? बहीण आहे म्हणाला? नाही? नुसतं, बाई? ‘बाई चिडतील.’ बाई! मी त्याच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घातलीयेत आणि मी बाई!

म्हणजे ते मशीन मीच जोडलं, हे त्याला माहीतच होतं. पहिल्या क्षणापासून. दाढेच्या दुखण्यात घरी होता तो, त्याला कसं माहीत नसणार, मलाच... मलाही माहीत होतं हो. प्लास्टिक निघालं तेव्हाच माहीत होतं. सहा माणसं बघत होती, तो व्हिडिओवाला लालबुंद उभा, आणि पंचवीस वर्षांत माझ्या हातून एकही मशीन परत आलं नव्हतं. जिभेवर धाकट्याचं नाव आलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एक शब्द बोलला असता तरी मी तोंडघशी पडले असते — आणि मूर्ख गप्प बसला. सहा वर्षं गप्प बसला. आणि आता पाठवतोय काय, तर एक ट्रक ड्रायव्हर, समोर उभा राहून माझे हात बघायला.

नका हो, पाणी नको मला. पेस्टचा वास आहे, डोळ्यांत जातो. सरका पुढे. पुढे या म्हटलं ना! बघायला सांगितलंय ना तुम्हाला? मग बघा नीट. हे बूड. हे प्लास्टिक. हे कोपऱ्यातून नखाने उचललं — आणि सोललं. दिसलं? सगळं निघालं, एक तुकडा राहिला नाही. बोट फिरवून बघा, काचेसारखं आहे. झालं समाधान? आता पेस्ट. आता कूलर. आता आडवे-तिरपे पिळायचे स्क्रू, समोरासमोरचे, थोडे-थोडे. बसला.

कागद द्या तो. द्या हो, तुमची यादी संपली, तुम्हाला आता काय उपयोग त्याचा? हे बघा, हे प्लास्टिक मागच्या बाजूला चिकटवलं, ‘बाई चिडतील’च्या खाली. घडी घाला, पुस्तकात ठेवा, चुरगळू नका. उद्या कामावर गेलात की त्याला द्या. म्हणावं... काही म्हणू नका. नुसतं द्या. नाही, थांबा — म्हणावं, तेही माझंच होतं. एवढंच. लक्षात राहील का? तेही माझंच होतं. त्याने काही विचारलं तर मला माहीत नाही म्हणा. आणि रडला तर — तो रडतो लगेच, लहानपणापासून — तर तिथे उभे राहू नका, निघून या.

चला, बोलता-बोलता बाकीचंही बसवून झालं, निघा आता. किती वेळ घेतलात माझा एका ट्रकसाठी! कॅबिनेट उभंच धरा, आडवं नाही. पडद्याची पेटी खांद्यावर. बायकोला आजच सांगा, झाकून ठेवलेलं कधी ना कधी निघतंच. धन्यवाद वगैरे नको. आणि जाताना ते दार... वर उचलून हो, वर! नाही जमत ना? राहू द्या उघडं. त्यालाच जमतं ते.