चुंबक चालूच असतो

"हॅलो?… हां ताई, बोल… अगं, मशीनपाशीच बसलेय, एमआरआयच्या काचेसमोर. मोबाईल तिकडे रिपोर्टच्या खोलीत चार्जिंगला… हो, हो… अगं ऐक ना! रविवारचं प्रात्यक्षिक चोख होणार. आत्ताच तालीम केली. लंबूला आत झोपवून गुडघ्याचे फोटो काढले… लंबू कोण काय? आमचा टेक्निशियन! पाय टेबलाबाहेर वीतभर लोंबतात त्याचे… हो गं, चारशे डॉक्टर हॉलमध्ये बसणार, इथलं चित्र तिथल्या पडद्यावर दिसणार. आणि दोन वर्षं उंबरठे तू झिजवलेस म्हणून हे मशीन आलं. परिषद तुझी, अध्यक्ष तू. पाठ झालंय मला."

थोरली बहीण एकदा बोलायला लागली की नळ फुटल्यासारखं. धाकटीने रिसीव्हर खांद्यात दाबून धरला आणि कार्यक्रमाच्या कागदावर दुसऱ्या सत्रातल्या वक्त्याचं नाव खोडलं. काचेपलीकडच्या खोलीत पांढरं मशीन तोंड वासून गप्प उभं होतं.

"ओळखपत्रांच्या दोऱ्या निळ्या नकोत? ताई, सकाळी चाळीस मिनिटं आपण कुपनांच्या रंगात घालवली. आता दोऱ्या कुठल्याही… थांब. ऐकलंस?… नाही, मशीन नाही. मशीनचा ठोका मी झोपेतही ओळखेन. ही काच फुटली. बाहेर, कॉरिडॉरमध्ये."

लंबू टेबलावरून उतरून शर्ट खोचत होता. "बघून येतो, मॅडम," असं त्याने काचेतूनच हातवारे करून सांगितलं आणि मशीनच्या खोलीच्या दाराने तो बाहेर गेला.

"पुन्हा फुटली… खूप माणसं आहेत गं. ओरडतायत. 'रिपोर्टवाली कुठाय, बाहेर काढा तिला'… मला, ताई. मलाच शोधतायत… अगं, तो सकाळचा रंगारी. शिडीवरून पडून आला होता, डोक्याला मार. गेला तो. दीड वाजता गेला. त्याच्याकडचे लोक असणार… सिक्युरिटी? दोन म्हातारे आहेत बिचारे, ते कुठे… अगं आई गं!"

तिच्या खोलीच्या दाराला हातभर काचेची फट होती. ती तिला डोळा लावून उभी राहिली. फोनची तार ताणून सरळ झाली होती.

"लंबूला मारतायत. पाडलाय त्याला खाली. लाथा… एकाच्या हातात आग विझवायचं नळकांडं आहे… नको. नको. डोक्यात नको! ताई, डोक्यात घातलं त्याच्या."

रिसीव्हर टेबलावर आपटला. त्यातून थोरली एकटीच बोलत राहिली. धाकटीने कडी काढली. चार हात लांबीचा तो माणूस काखेत धरून तिने आत ओढला. कुणाची तरी लाथ तिच्या नडगीवर बसली, कुणाच्या तरी मुठीत तिचे केस राहिले. तिने अंगाचा भार टाकून दार लोटलं. फटीत एकाची बोटं आली. ती थांबली नाही. हाडं करकरली, बोटं मागे गेली आणि तिने कडी घातली.

"आहे, आहे मी… घेतला आत. शुद्धीवर आहे. भुवई फाटून डोळ्यावर आलीय. माझ्या कोटावरचं रक्त त्याचं आहे… मला काही नाही. ताई, बडबड नको. तुझ्या मोबाईलवरून पोलिसांना लाव. हा फोन ठेवू नकोस… लावलास? काय म्हणाले?… दहा मिनिटं? ताई, हे दार दहा मिनिटं नाही टिकायचं. बिजागरी हलताना दिसतेय मला."

दारावर धक्के बसत होते. प्रत्येक धक्क्याला भिंतीवरचं घड्याळ खडखडत होतं. ती जमिनीवर बसली, लंबूचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या कपाळावर बँडेजची अख्खी गुंडाळी दाबून धरली.

"अगं गुंड नाहीत ते. तू तसं म्हणू नकोस… नाही, ऐक. आता मी बोलते. त्या रंगाऱ्याचा सीटी स्कॅन अकरा दहाला माझ्या पडद्यावर आला. मी तो अकरा पन्नासला उघडला… हो. तेव्हाच. तू मला चहाची गुलाबी आणि जेवणाची पिवळी समजावत होतीस, आणि मी हो ला हो करत होते. कवटीखाली रक्त साठलं होतं, मेंदू एका बाजूला सरकला होता. उघडताक्षणी मी वरती ऑपरेशनवाल्यांना फोन केला. न्यायला लागले तोवर… वाचला असता का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. पण चाळीस मिनिटं मला माहीत आहेत… कोण बोललं असेल? अख्ख्या मजल्याला माहीत आहे, ताई. भिंतीवर घड्याळं आहेत."

धक्के थांबले.

"गेले वाटतं… नाही. थांब. का थांबले?… लंबू, मशीनच्या खोलीचं दार तू ओढून घेतलं होतंस?"

तिने लंबूचं डोकं हलकेच खाली टेकवलं आणि ती उठली. काचेपलीकडे, मशीनच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक माणूस उभा होता. रुंद खांद्यांचा, कोपरापर्यंत वाळलेला पांढरा रंग. मेलेल्या रंगाऱ्याचा भाऊ, चेहरा तोच. नळकांडं त्याने टाकलं होतं. आता हातात सलाईन लावायचा स्टँड होता, जड लोखंडी बुडाचा. मधली काच फोडली की ती समोर उभीच होती.

"लोखंड आहे त्याच्या हातात… अगं, मशीन गप्प आहे ना, बंद आहे असंच वाटणार त्याला. चुंबक कधी बंद असतो का? त्याला काय ठाऊक… हो, माईक आहे समोर. सांगते."

तिचा अंगठा माईकच्या बटणावर होता. मांडीवर लंबूचं रक्त गरम लागत होतं. एक श्वास आत गेला आणि बाहेर आला, आणि तेवढा वेळ अंगठा तसाच राहिला. मग तिने बटण दाबलं.

"दादा, पुढे येऊ नका! हातातला स्टँड सोडा! बाहेर टाका तो! मी खोटं बोलत नाही, सोडा!"

तो थुंकला. दोन पावलं पुढे आला आणि काचेवर घालायला त्याने स्टँड उगारला. पण स्टँड काचेकडे आलाच नाही. हवेतच आडवा झाला आणि मशीनकडे सुटला. त्याची मूठ घट्ट होती, त्यामुळे तोही सोबत गेला. बूड मशीनच्या तोंडावर आदळलं तेव्हा पायाखालची फरशी हादरली. मनगट दांड्याखाली सापडलं. आधी हाडाचा आवाज आला, मग त्याचा.

"अडकला… हात अडकला गं त्याचा. मनगट. दांडा आणि मशीनच्या मधे… हो, किंचाळतोय तो तोच. त्याच्या मागून आलेले दोघं ओढतायत. काय उपयोग, दहा जणांना नाही निघणार… पळाले. त्याला टाकून पळाले… रक्त उडतंय, ताई. ठोक्यागणिक. धमनी आहे."

तिच्या उजव्या हाताला भिंतीवर झाकणाखाली एक लाल बटण होतं. ते कधी दाबायचं हे शिकवताना ती नेहमी दोनच कारणं सांगायची, आग किंवा अडकलेला माणूस.

"तेच बटण… हो. चुंबक मरतो, सगळा थंड वायू छपरावरून उडून जातो. महिनाभर तरी मशीन उठत नाही… माहीत आहे रविवार जाणार… कंपनीचा इंजिनिअर चुंबकाचा जोर हळूहळू उतरवू शकतो, बरोबर. तो यायलाच चार तास. ह्याच्या अंगात चार तासांचं रक्त नाही… हो, त्यानेच फोडलं लंबूचं डोकं… अद्दल? काय म्हणालीस, ताई? पुन्हा म्हण… नाही म्हणवत ना? मग ऐक. तुझ्या आधी माझ्या मनात आलं होतं ते. मी माईकवर एक श्वास उशीर केला. मुद्दाम. लंबूने पाहिलंय… नाही, घाबरून नाही. मुद्दाम."

थोरली आता रडत होती की ओरडत होती, सांगता येणं कठीण होतं. दोन वर्षं, चारशे डॉक्टर, छापून आलेल्या पत्रिका. धाकटीने झाकण उचललं.

"परिषद तुझी आहे, ताई. बटण माझ्याकडे आहे."

छपरावर जणू विमान उतरलं. दिवे थरथरले. लंबूने कान झाकले.

"दाबलं… एखादं मिनिट लागतं चुंबकाचा जोर उतरायला… वायू पाइपातून वर जातोय, खोलीत नाही, बघतेय मी… गप्प बस जरा, त्याच्याशी बोलू दे. दादा! इकडे बघा. हात ओढू नका, अजून फाटेल. आत्ता सुटेल. दुसऱ्या हाताने कोपराच्या वर आवळा… घट्ट… असंच."

काचेतून त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. त्याने काहीतरी विचारलं, माईकवर नीट आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं.

"हो," ती माईकवर म्हणाली. "मीच ती. रिपोर्टवाली."

स्टँड खणकन फरशीवर पडला. तो गुडघ्यांवर आला. पडलेल्या लोखंडाकडे त्याने पाहिलं, मग तिच्याकडे.

"सुटला, ताई… नाही, पोलीस अजून नाहीत… लंबू, बँडेज स्वतः धरून ठेव, उठू नकोस… हो, जातेय आत. धमनी दाबायला कुणीतरी हवं… दिसतंय मला. डावा हात धड आहे त्याचा. स्टँडही हाताशी आहे… ठेवते."