तिवडा

सुतारदादा, करवत थांबवा. अर्धा कापलाय तेवढा राहू द्या. वहिनी, खुर्ची जरा डावीकडे घ्या. पडला तर उजवीकडे पडेल असं सुतारदादा म्हणतात. आधी भाषण, मग खांब.

सन्माननीय अध्यक्ष महाराज, खांबामुळे निम्मेच दिसणारे प्रमुख पाहुणे, आजचे उत्सवमूर्ती कोशकार साहेब, आणि कोश-कार्यालयातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

एका माणसाने एका शब्दावर किती वर्षं घालवावीत? साहेबांनी एकवीस घालवली. शब्द 'तिवडा'. शेतीतला, जुना. खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. मळणीच्या वेळी बैल त्याला बांधून कणसांवरून गोल फिरवतात. एवढाच अर्थ. पण साहेब म्हणाले, "पाहिल्याशिवाय लिहायचं नाही." आता मळणी यंत्रावर गेली. शब्द वापरणारा माणूसही सापडेना. तेव्हा साहेबांनी इथली फरशी उखडून खांब रोवला आणि आम्हा चौघांना एका दोराला बांधलं. मी आतल्या टोकाला, जागच्या जागी वळायचो. मुद्रितशोधक बाहेरच्या टोकाला. त्यांना पळावं लागे. "साहेब, मला दमा आहे हो," ते म्हणाले. साहेबांनी टिपून घेतलं: बाहेरचा बैल आधी थकतो.

प्रयोग एका दुपारचा. खांब राहिला. त्याला वळसा घालून जागेवर जायची सवय लागली. चहावालाही वळसा घालतो. मी एकदा वहिनींना विचारलं, घरी कसं काय?

"जेवायच्या आधी टेबलाभोवती दोन फेऱ्या होतात. म्हटलं, अहो, घरी तरी सरळ चाला."

टंकलेखिका बाईंनी एकदा दुसरा अर्थ टाइप केला: 'ज्याच्याभोवती सगळं कार्यालय फिरतं असा मनुष्य.' साहेबांनी खोडला. शेरा: पुरावा नाही.

हसा, पण हसण्यावारी नेऊ नका. व्युत्पत्तीचा रकाना अजून कोरा आहे. 'तीन'वरून आला असेल? साहेबांना पटलं नाही, खांब एकच. मग 'अज्ञात' लिहावं? "अज्ञात म्हणजे मी शोधलं नाही," ते म्हणतात. पाच वाजता साहेब निवृत्त होतात. त्याआधी सही झाली नाही, तर उद्या छापखान्यात जाणाऱ्या खंडातून हा शब्द वगळला जाईल. आत्ता पाचला दहा मिनिटं आहेत.

सुतारदादा, तुम्ही आज पहिल्यांदाच आलात. याला काय म्हणता तुम्ही?

"याला? तिवडा. आमच्या आज्याच्या खळ्यात होता."

साहेब, बसून घ्या. बरं, उभे राहा. आणि दादा, हा शब्द आला कुठून?

"येतोय कुठून? आधीपासून होता."

साहेबांनी पेन काढलंय. कृपया टाळ्या नकोत, त्यांचा हात हलेल. रकान्यात लिहिलं: 'आधीपासून'. खाली सही. पाचला चार मिनिटं.

आता आभार. पाहुण्यांचे, वहिनींचे, आणि ज्यांचा दमा कोशाच्या कामी आला त्या मुद्रितशोधकांचे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर सांभाळून घ्या. दादा, चालवा करवत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाच्या जागी नवी फरशी होती. आम्ही सगळे तिला वळसा घालून आपापल्या जागी गेलो. अकराच्या सुमाराला साहेब विसरलेला चष्मा न्यायला आले. ते फरशीवरून सरळ चालत गेले.