बसथांब्यावरची मुलगी

सावेता : गाडी थांबव. हाही बघू दे.

इलारी : अगं, किशिनाव सोडल्यापासून दर बसथांब्यापाशी थांबतोय आपण. तिकडे बहिणीचं बाळ बाप्तिस्म्यासाठी ताटकळलंय आणि मेणबत्ती आपल्या डिकीत.

सावेता : धर्मबाप तू. तू पोचल्याशिवाय पाद्री सुरुवात करत नाही.

इलारी : म्हणूनच म्हणतो. माझी बहीण मला उभा सोलून काढील. आणि बघायचंय काय? द्राक्षं, सूर्यफुलं, एखादा अंतराळवीर. सगळ्या थांब्यांच्या भिंतींवर रंगीत तुकड्यांची तीच चित्रं.

सावेता : बाबाबरोबर ही चित्रं बसवणाऱ्या जोडीदाराने सांगितलंय, सोरोकाच्या रस्त्यावर एका थांब्यात बाबाने स्वतःची मुलगी काढलीय. आई जन्मभर म्हणायची, जो टाकून गेला, त्याने आपलं नावही काढलं नसेल. आई खरी की खोटी, एवढंच मला बघायचंय.

इलारी : आता कळून काय उपयोग? माणूस मातीत गेला.

सावेता : तुझा बाप रोज तुझ्यासमोर जेवायला बसायचा. तुला नाही कळायचं ते.

इलारी : बरं, उतर. लवकर ये पण.

सावेता : इलारी, इकडे ये. भिंतीवर मुलगी आहे.

इलारी : आहे खरी, पण ही तू कशी? तो गेला तेव्हा तू पाळण्यात होतीस. ही तर लग्नाला आलेली दिसते. त्याच्या दुसऱ्या संसारातली असेल.

सावेता : म्हणजे आईचंच खरं. चल, बस गाडीत.

इलारी : जरा दम खा. पाणी पी.

सावेता : इतका वेळ तुला घाई होती ना? चल म्हणते ना.

(बाकावर बसची वाट बघत बसलेली म्हातारी मध्येच बोलते.)

म्हातारी : ती होय? हे चित्र काढणाऱ्या झाहारियाची पोर.

सावेता : इथेच राहते का, मावशी?

म्हातारी : छे. तिला इथे कुणीच पाहिलं नाही. पहिल्यांदा काढली तेव्हा तान्ही होती, आईच्या मांडीवर. मग दर उन्हाळ्यात यायचा, जुनी खरवडायचा आणि थोडी मोठी करून बसवायचा. ती बघ ना खाली सिमेंटची ठिगळं. मी त्याला जेवण आणून द्यायचे. म्हटलं, बाबा रे, फोटोबिटो आहे का? म्हणाला, अंदाजाने करतो.

सावेता : मग घरी का नाही आला? आम्ही कुठे हललो होतो किशिनावहून?

म्हातारी : अगं बाई. तू ती होय?

सावेता : सांगा ना, का नाही आला?

म्हातारी : मीही विचारायचे. खाली मान घालून तुकडे निवडत बसायचा.

सावेता : राग येतोय मला, इलारी. हे सापडलं नसतं तर बरं झालं असतं. तेव्हा नुसता रागच होता, सरळ होतं सगळं.

इलारी : बहिणीचा फोन वाजतोय.

सावेता : घे. निघालो म्हणून सांग.

इलारी : वाजू दे. तू तिच्याशेजारी उभी राहा. फोटो काढतो.

सावेता : अशी?

इलारी : टाचा नको उचलूस.

सावेता : केवढी उंच केलीय रे मला.

म्हातारी : कुठे थांबायचं, हे त्याला कोण सांगणार होतं, पोरी?